नव्या छताला पाणी

५ एप्रिल

शिलाई मशीनवर थेंब! काल संध्याकाळी अवकाळी आला, धड चहा उकळेपर्यंतसुद्धा पडला नसेल. आज सकाळी वरच्या खोलीत जाऊन बघते तर मशीनच्या चाकावर पाणी. डोहाळजेवणाचं एक ब्लाऊज शेजारीच पडलं होतं, वीतभर अंतरानं वाचलं.

आमच्या घरात स्लॅब गळत नाही. हे कागदावरच लिहिते, कारण तोंडानं काही बोलायची सोय नाही. नळदुर्गातल्या निम्म्या घरांचे स्लॅब माझ्या सासऱ्यांनी टाकलेत. स्टँडवर कुणालाही चाँदपाशा मिस्त्री म्हणा, घराच्या दारात आणून सोडतील. त्यांच्याच घराचा स्लॅब कसा गळेल? आमची 'भिंत ओल धरते'. 'हवा दमट असते.' पावसाळाभर बादल्या ठेवायच्या आणि कुणी विचारलं तर वरची टाकी भरून वाहिली म्हणायचं. अम्मींनी मला लग्नानंतर सगळ्यात आधी हेच शिकवलं, त्यांच्या हातची खिचडी नंतर.

आज आरिफ वर आला, मान वर केली आणि सरळ म्हणाला - गळतंय की!

मी धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. अब्बा खाली ओसरीवरच होते.

६ एप्रिल

आरिफ ईदला मस्कतहून आलाय. नऊ मेचं परतीचं तिकीट आहे, हैदराबादहून. (इथं 'आरिफ आलाय' लिहिते, तोंडावर 'तुम्ही आलात'. घरात आम्ही दखनी बोलतो. पण शाळा मराठीत झाली, त्यामुळं राग आला की मला मराठीच सुचतं.)

गेल्या खेपेला तो निघाला तेव्हा आमची उम्मेहानी रडली नाही. "अब्बू, फोनमध्ये भेटू," म्हणाली आणि खेळायला पळाली. सात वर्षांची पोर! रडली असती तर बरं झालं असतं. आरिफनं ते तिकडं गेल्यावर मला फोनवर कितीदा तरी सांगितलं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच - इथंच काहीतरी करायचं.

काय करायचं, ते आज जेवताना अब्बांसमोर मांडलं. तिकडं तो टाक्यांना आणि घरांच्या सपाट छतांना फायबरग्लास चढवतो, तेच इथं करायचं. आपल्याकडं सगळीच छतं सपाट, आणि सगळीच... इथं तो थांबला. शब्द गिळला.

अब्बांनी भाकरी संपवली, ताट सारलं आणि हात धुवायला उठले. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

८ एप्रिल

आरिफनं बॅगेतून एक तुकडा काढून दिला. हाताच्या पंजाएवढा, राखाडी, गुळगुळीत. मी म्हटलं, हा तर बादलीचा तुकडा. त्याला राग आला. मग बसून समजावलं - काचेचे बारीक धागे असतात, त्यांची चटई. ती छतावर अंथरायची, वरून रेझिन, म्हणजे डिंकासारखं घट्ट रसायन ओतायचं, रोलरनं दाबत दाबत हवा काढायची. वाळलं की चटई आणि रेझिन मिळून एकच पापुद्रा होतो. कुठं सांधा नाही, शिवण नाही. पाणी शिरतं ते सांध्यातूनच, असं त्याचं म्हणणं. शिवणकाम करणारीला हे लगेच पटलं.

तरी मी तपासायची सोडणार होय? तुकडा वरवंट्यानं ठेचला. चुलीजवळ ठेवला. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलाय, बघू. अम्मी म्हणाल्या, नवरा करताना एवढी चौकशी केली नव्हतीस.

९ एप्रिल

तुकड्याला काही झालं नाही. वरवंट्याचा टवका उडाला.

१० एप्रिल

आज हिशोब मांडत बसलो. पैशांचा नाही, लोक काय काय करून थकलेत त्याचा. डांबर ओतलं, ते उन्हात पाघळतं आणि पुढच्या वर्षी भेगाळतं. विटांचा कोबा घातला, तर त्याचं ओझं बिचाऱ्या जुन्या स्लॅबवर. पत्र्याचं शेड ठोकलं, तर वैशाखातल्या वावटळीत आमच्या गल्लीतलं शेड पार किल्ल्याच्या खंदकाकडं उडालं होतं. आणि ताडपत्री! ताडपत्री म्हणजे आमच्या भागाचा झेंडाच. फायबर वजनाला काहीच नाही, त्याच्यावर चालता येतं, कुरडया घालता येतात, वरून पांढऱ्या रंगाचा हात दिला तर खालची खोली कमी तापते. कुठं चुकून फाटलंच तर तेवढ्याच जागी ठिगळ लावायचं. वास मात्र फार येतो म्हणे, काम चालू असेपर्यंत.

मी इतकी वर्षं काय केलं? बादल्या सरकवल्या! आज मला फार उमेद वाटतेय.

१४ एप्रिल

तुळजापूरला जाऊन आलो. चैत्री पौर्णिमेची गर्दी ओसरेपर्यंत थांबलो होतो. तिथं चन्नबसप्पांचा लॉज आहे, अब्बांनी त्यांच्या तरुणपणी बांधलेला. वरच्या मजल्यावरच्या खोल्या पावसाळ्यात बंद ठेवतात. नवरात्रात भाविक पायरीवर झोपतात आणि यांच्या खोल्यांत बुरशी झोपते. छतावर ताडपत्री, तिच्यावर विटा, विटांवर टायर.

चन्नबसप्पांनी चहा पाजला, तुकडा हातात घेऊन वाकवून बघितला, नखानं खरवडला. आवडला होता! मला माणसाचं गिऱ्हाईक होताना दिसतं, माझा धंदाच तो आहे. पण तुकडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आरिफ, काम लई चांगलं दिसतंय. पर ह्यो स्लॅब तुज्या वडलांचा हाय. त्यास्नी इचारल्याबिगर म्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाय. त्यांनी एकदा व्हय म्हटलं की बास."

येताना एसटीत आरिफ खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, हो म्हणतील. त्यानं विचारलं, कोण?

१५ एप्रिल

चन्नबसप्पांचा अब्बांना फोन आला. अब्बा म्हणाले, "माझ्या स्लॅबला काय झालंय?" आणि ठेवून दिला.

१७ एप्रिल

अणदूर, जळकोट, इथलं गावातलं एक घर. सगळीकडं तेच. छान आहे, छान आहे, पण चाँदपाशा मिस्त्री काय म्हणतात? आरिफ जिथं जिथं जातो तिथं डोक्यावर त्याच्या बापाचाच स्लॅब. अब्बांनी विरोध केला असता तर भांडता तरी आलं असतं. गुडघे गेल्यापासून ते कामावर जात नाहीत, पण स्टँडसमोरच्या हॉटेलातल्या बाकावर बसून गावभरच्या बांधकामांना सल्ला देतात. फक्त पोटच्या पोराबद्दल विचारलं की दाढी कुरवाळायची.

मस्कतच्या नोकरीच्या एजंटचा फोन आला होता. तारीख पक्की ना, म्हणून विचारत होता. आरिफनं 'हौ' म्हटलं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. भांडी जरा जोरातच आदळली.

१८ एप्रिल

जुम्म्याची नमाज पढून अब्बा आले की जरा नरम असतात. मी सरबत घेऊन गेले आणि सरळ विचारलं - अब्बा, वरच्या छतावर फायबर करू द्याल? माझी खोली आहे, माझं मशीन आहे, म्हणून मी विचारतेय.

त्यांनी सरबत हलवून एक घोट घेतला. मग म्हणाले, "घर तुमचंही आहे."

याचा अर्थ काय? परवानगी, की टोमणा? अम्मींना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्याशी इतकी वर्षं संसार करून मलाही कळत नाही. तू सामान आण.

२१ एप्रिल

दोन दिवस लिहायला झालं नाही. सोलापूरहून रेझिनचे डबे आले, चटईचे गठ्ठे आले. छत खरवडलं, झाडलं, पुन्हा झाडलं. आरिफ म्हणतो, धूळ आणि ओल हे दोन शत्रू. इथं एप्रिलमध्ये ओलीची काय भीती! तारेनं घासून प्रायमर मारला, तो वाळला.

आज चटई. मीही होते. हातमोजे घालून चटई अंथरायची, तो रेझिन ओतायचा, मग रोलर. दाबताना आतली हवा चर्र करून बाहेर येते. पांढरी चटई बघता बघता पारदर्शक होते आणि खालचा स्लॅब दिसायला लागतो. मला तर जादूच वाटली. कठड्याला पोशाखाची किनार मुडपतात तशी वरपर्यंत चढवली, त्यात माझा हात त्याच्यापेक्षा साफ होता, आणि त्यानं ते कबूल केलं!

वास मात्र भयंकर. शेजारची नागूबाई पदर नाकाला लावून जिन्यात आली, काय गं, प्लॅस्टिकचं छत करताय म्हणे? मी म्हटलं, हो, उद्या टीव्हीवर दाखवणार आहेत.

एक फजिती झाली. ऊन वाढलं आणि डब्यातलं रेझिन डब्यातच घट्ट झालं. धूर निघाला, डबा हातात धरवेना. मस्कतला उन्हाळ्यात हे काम रात्री करतात, इथं डोक्यावर नळदुर्गाचं ऊन. रेझिन कडक व्हावं म्हणून त्यात हार्डनर घालतात, ते आरिफनं पुढच्या डब्यांत कमी केलं. मग जमलं.

अब्बा दिवसभर वर आले नाहीत. पण ओसरीवर त्यांनी खुर्ची अशी वळवून ठेवली होती की जिना दिसावा.

२२ एप्रिल

पापुद्रा कडक झालाय! उम्मेहानी वर नाचली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर शेवटचा पांढरा हात दिला. आता फक्त तो पकून कडक व्हायला कोरडा सोडायचा. छत कसं दिसतंय म्हणून सांगू, धुतलेल्या चादरीसारखं. आरिफचे केस रेझिननं चिकटलेत, कापावेच लागणार. तो हसतोय. ईद झाल्यापासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं.

२३ एप्रिल



सकाळी जिना चढून वर गेले तर छतावर पाणी. अख्ख्या छतावर! कडेनं चिखलाचे बांध घातलेले, आळ्यासारखे, नवा स्लॅब टाकल्यावर घालतात तसे. सरळ रेषेत, कोपऱ्याला कोपरा जुळलेला. असे बांध या गावात एकच माणूस घालतो.

आरिफनं बांध फोडला, पाणी सोडलं. खालचा पांढरा हात मऊ पडला होता, जागोजागी चिकट. त्यानं बोट लावलं तर बोटाला आला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला नाही. खाली गेला, तोंड धुतलं आणि एजंटला फोन लावला - नऊ तारीख, नक्की.

एवढं का? नको होतं तर नको म्हणायचं. तोंड आहे ना? सरबत पिताना 'घर तुमचंही आहे' म्हणायचं आणि पहाटे उठून पोराच्या कामावर पाणी ओतायचं! मी आजवर त्यांच्यासमोर पदर सांभाळून बोलले. आज बोलणार आहे.

त्याच दिवशी, दुपारी

बोलले.

अब्बा मागच्या अंगणात थापी धूत होते. चिखल लागलेली थापी! लपवायचाही प्रयत्न नाही. मी म्हटलं, अब्बा, असं करण्यापेक्षा आम्हाला नाही म्हणायचं होतं.

त्यांनी वर बघितलं. "नाही कशाला म्हणू?"

"मग पाणी का ओतलं?"

लेकराला जेवायला का घातलं असं विचारल्यावर माणूस बघेल, तसे बघायला लागले. म्हणाले, "नवं छत आहे. आरिफनं रात्रभर तसंच कोरडं ठेवलं. मला वाटलं, विसरला. म्हणून मी चढलो."

त्यांचे ते गुडघे! मोटार का लावली नाही, म्हणून विचारलं. म्हणाले, तुमची झोप मोडली असती. खालच्या हौदातून बादल्या वाहिल्या. पहाटे फजरच्या अजानीच्या आधी सुरुवात केली होती.

मग थापी पुसत पुसत म्हणाले, "माझ्या पहिल्या स्लॅबला माझ्या बापानं पाणी मारलं होतं. तो माळवदं घालायचा, पांढऱ्या मातीची छतं. स्लॅबचं नाव काढलं तरी शिव्या द्यायचा. माझ्याशी महिनाभर बोलला नव्हता. पण स्लॅब टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी बघतो तर हा घागर घेऊन वर."

मी तिथंच धुण्याच्या दगडावर बसले. आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही. मी काय काय बोलणार होते! देवा. सगळं गिळलं.

मग सांगितलं - अब्बा, याला पाणी चालत नाही, हे कोरडंच पकतं. त्यांचा विश्वासच बसेना. पाण्याशिवाय छत पकतं? आणि तेच पुढं पाणी अडवतं? चेहरा पडला. किती खराब झालं, म्हणून विचारलं. आणि मग हळूच, "मला कुणी सांगितलं नाही."

खरंच नव्हतं सांगितलं. ते बोलत नव्हते म्हणून आम्हीही बोलत नव्हतो. आमच्या घरात ओल धरते ती अशी.

२४ एप्रिल

आरिफला काल सगळं सांगितलं. तो उठला आणि ओसरीवर अब्बांच्या पायाशी जाऊन बसला. तिथून त्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता - चटई, रेझिन, हार्डनर. अब्बा मध्ये मध्ये विचारत होते. उन्हाळ्यात किती, थंडीत किती? स्लॅबच्या आधीच्या भेगांचं काय? पाण्याचा उतार?

आज आरिफ मला म्हणाला, चूक निम्मी माझीच आहे. डबा तापल्यापासून तो घाबरला, आणि शेवटच्या हातात हार्डनर फारच कमी घातलं, म्हणून ते रात्रीतून पकलंच नाही. पकलं असतं तर पहाटेच्या पाण्यानं त्याला काही झालं नसतं. हेही त्यानं अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, मीही एकदा सिमेंट कमी घातलं होतं, भीतीनं नाही, कंजूषपणानं.

खालचा पापुद्रा शाबूत आहे. फक्त वरचा हात घासून काढायचा, वाळवायचं आणि पुन्हा द्यायचा. वाटलं तेवढं काही बुडालं नाही.

२७ एप्रिल

दुरुस्ती झाली. या वेळी पहाटे काम धरलं, हार्डनर मापानं.

आणि अब्बा! जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून, छत्री उघडून, हातात काठी. पहारा! उम्मेहानी पाण्याची बाटली घेऊन वर निघाली तर बाटली जप्त. अम्मी नमाजेसाठी वजू करून ओल्या हातांनी आल्या, त्यांनाही परत पाठवलं. नागूबाई वाळवण घालायला जागा मागायला आली, तिला म्हणाले, बाई, हे छत सध्या रोजा धरून आहे. मला वाटतं गेल्या कित्येक वर्षांत अब्बांनी केलेला हा पहिला विनोद. अम्मींनासुद्धा कळायला वेळ लागला.

२९ एप्रिल

कडक! अब्बांनी अनवाणी चालून बघितलं, गुडघा धरून खाली बसले, बोटाच्या पेरांनी टकटक केलं, तळहात फिरवला. "सांधा कुठं आहे?" आरिफ म्हणाला, नाही. अब्बांनी तरी शोधला. कठड्याच्या कोपऱ्यात त्यांचा हात थांबला, हे कुणी मुडपलं? मी म्हटलं, मी. मान हलवली. चाँदपाशा मिस्त्रींनी माझ्या कामाला मान हलवली! हे मी आईला फोन करून सांगितलं.

१ मे

आता पाणी. अब्बा म्हणाले, छत तपासायचं तर पाणी साठवूनच. पाइपाची तोंडं बोळे कोंबून बंद केली आणि बांध त्यांनी स्वतः घातले, या वेळी सगळ्यांसमोर, उजेडात. छत काठोकाठ भरलं. उम्मेहानीनं कागदाची होडी सोडली.

खाली माझ्या खोलीत मी पांढरा मांजरपाट अंथरलाय. एक थेंब पडला तरी डाग दिसेल.

३ मे

कापड कोरडं.

मी गालाला लावून बघितलं. कोरडं! इस्त्री केल्यासारखं. खोलीसुद्धा दुपारी पूर्वीइतकी भाजत नाही, का मला आनंदानं तसं वाटतंय कोण जाणे. मशीन परत जागेवर आणलं, बरोबर त्याच जागेवर जिथं थेंब पडायचा. मुद्दाम.

५ मे

लोक छत बघायला येतायत. अब्बाच दाखवतात. वर नेतात, चालायला लावतात, पोरानं चांगलं काम केलं म्हणतात. इतकं सगळं होतं. मग पाहुणा विचारतो, मिस्त्री, मग आमच्याही छताला करून घ्यावं का? आणि अब्बा म्हणतात, "तुमच्या छताला काय झालंय? तो स्लॅब मी टाकलाय." पाहुणा चहा पिऊन निघून जातो.

मी चिडले, मग चिडता येईना. नव्याचं कौतुक करणं त्यांना जमलं, तेच किती झालं. पण प्रत्येक छतावर त्यांची जवानी अंथरलेली आहे, आणि ती गळते म्हणायचं. कुणाला जमेल? आरिफही त्यांना आग्रह करत नाही. म्हणतो, त्यांच्याकडून एवढं वदवून घेऊन मला धंदा नको.

चन्नबसप्पांचा फोन नाही.

६ मे

बॅग काढली. अम्मींनी चिवडा केला, शेंगदाण्याची चटणी केली. आरिफला बॅगेत कपड्यांपेक्षा चटणी जास्त लागते. उम्मेहानीनं विचारलं, छत तर झालं ना, मग अब्बू कुठं चाललेत? मी म्हटलं, दुसऱ्यांची छतं करायला. इथली संपली का, म्हणाली. मी तिला पाणी आणायला पाठवलं आणि डोळे पुसले.

मला त्याला जाऊ द्यायचं नाही. बस. एवढंच आहे. बाकी सगळं मी उगाच लिहीत असते.

७ मे

अब्बा सकाळी न सांगता कुठंतरी गेले. चप्पल नाही, काठी नाही. हॉटेलच्या बाकावर पण नाहीत. अम्मी दारात उभ्या. दुपारी एसटीतून उतरून लंगडत आले, जेवले आणि झोपले. कुठं गेला होतात म्हणून विचारलं तर, "काम होतं."

गुडघा सुजलाय. अम्मींनी हळद लावली.

८ मे

सकाळी चन्नबसप्पांचा फोन. सगळे ओसरीवर नाश्ता करत होतो. आरिफनं हात भाजीचे म्हणून स्पीकरवर टाकला.

"आरिफ, काल तुजे वडील आल्ते. गुडघा धरून वर चढले, म्या नगं नगं म्हनत व्हतो. समदं छत फिरून बघितलं. मग मला म्हनले, 'चन्नबसप्पा, स्लॅब माझा हाय. गळतोय. माझ्या पोराला बोलवा.' मग कधी येतोस? आनि आजून दोघं लॉजवाले इथं बसल्यात, त्यांच्या बी छतावर जाऊन आलेत ते."

अब्बा खाली मान घालून भाकरी मोडत होते.

"काम पहाटे धर," म्हणाले. "हार्डनर मापानं घाल. आणि पाण्यावर पहाऱ्याला मला बसव."

मी उठले, बॅगेतला चिवडा काढला आणि घरच्या डब्यात ओतला.